थंड व कोरड्या जागी ठेवावी

पट्टीवाली : आणखी दहा उठाबशा काढा, काका.

बर्फवाला : पंचवीस झाल्या की, मॅडम. शाळेत मास्तरांनीसुद्धा एवढ्या काढायला लावल्या नव्हत्या, आणि तिथं मी खिडकी फोडली होती.

लेक : आबा, तिसरा स्वेटर का काढलात? घाला बघू. वरून हा माझा कोट पण घाला.

बर्फवाला : कंडक्टरचा कोट घालून उठाबशा? कुणी बघितलं तर तिकीट मागेल.

लेक : मागू दे. चार वाजून दहा झालेत. यांची कचेरी पाचला बंद होते.

पट्टीवाली : कचेरीचं काही नाही हो ताई, मी थांबेन. मशीन थांबत नाही. आज नव्वदावा दिवस. पाचला फाइल आपोआप मिटते. मग नवा अर्ज, नवी पट्टी, नवे नव्वद दिवस.

बर्फवाला : म्हणजे पन्नास मिनिटांत मला घाम फुटला पाहिजे.

पट्टीवाली : पाच थेंब. फक्त पाच. माझ्या डोळ्यांदेखत.

बर्फवाला : माझ्या पाच थेंबांपायी तुम्ही दोघी मात्र न्हाऊन निघालात. कपाळ बघा तुमचं. त्यातलेच पाच घ्या की उसने.

पट्टीवाली : ते चालत नाही. मागे एकानं मेव्हण्याचा घाम आणला होता. बाटलीत भरून.

लेक : मग?

पट्टीवाली : मेव्हणा त्याच्याहून जास्त पिणारा निघाला.

बर्फवाला : अरे देवा. सव्वीस… सत्तावीस… मॅडम, तो हीटर माझ्याकडं करा जरा. तुमच्याकडंच बघतोय तो कधीचा.

लेक : मॅडम, यांच्या उठाबशा होईपर्यंत मला पुन्हा एकदा सांगा. पण साध्या भाषेत. घरी सासूबाईंना सांगायचंय, आणि त्या एक शब्द खाली पडू देत नाहीत.

पट्टीवाली : सोपं आहे. ही पट्टी दंडाला लावायची. माणूस दारू प्यायला की त्यातली थोडी घामातून बाहेर येते. पट्टी घाम टिपते, आत साठवते. नव्वद दिवसांनी आम्ही ती मशीनला जोडून वाचतो. मध्ये वाचायची नाही, असा नियम आहे, नाहीतर माणूस सावध होतो. प्यायलेला दिवस लाल. न प्यायलेला हिरवा.

लेक : आणि आमचे आबा?

पट्टीवाली : लाल एकही नाही.

बर्फवाला : ऐकलंस? एकही नाही! मॅडम, पुन्हा म्हणा. जरा मोठ्यानं म्हणा, हिला बसमध्ये उभं राहून कमी ऐकू येतं.

लेक : मला सगळं ऐकू येतं. हिरवे किती?

पट्टीवाली : चौदा.

लेक : नव्वदात चौदा?

पट्टीवाली : बाकीचे शहात्तर पांढरे. पांढरा म्हणजे घामच नाही. घाम नाही म्हणजे मशीनला माणूस दिसत नाही. इथं छापून आलंय, वाचून दाखवते. 'सदर व्यक्ती सदर पट्टीत आढळून आली नाही.'

बर्फवाला : आढळून आली नाही म्हणजे? पट्टी दंडाला होती, दंड मला होता. मी कुठं जाणार?

पट्टीवाली : पुढे आहे अजून. 'पट्टी निर्जीव वस्तूवर लावल्याचा संशय. उदाहरणार्थ भिंत, फर्निचर.' माझ्यासमोर पाच थेंब आले तरच हा संशय काढता येतो.

बर्फवाला : फर्निचर!

लेक : चाललं असतं. फर्निचर पीत तरी नाही.

बर्फवाला : हे बघ, टोमणे मारू नकोस. टोमण्यानं मला घाम येत नाही, झोप येते.

लेक : झोप येते, माहीत आहे. बागेतल्या बाकावर येते. चार वर्षांची नात शेजारी खेळत असताना येते.

बर्फवाला : …तीस.

लेक : एकतीस नाही का?

बर्फवाला : मोजायचं राहिलं.

पट्टीवाली : ताई, मी विचारू नये कदाचित, पण फाइलमध्ये 'कारण' म्हणून रकाना आहे आणि तो तुम्ही रिकामा सोडलाय.

लेक : भरायला काय, भरा की. गेल्या वर्षी मी कामावर होते. हे तिला बागेत घेऊन गेले आणि दुपारीच पिऊन बाकावर घोरत पडले. पोरगी एकटी उठली, रस्ता ओलांडला, बसच्या रस्त्यावरून, मॅडम, माझ्याच बसच्या रस्त्यावरून, आणि पलीकडे चप्पल शिवणाऱ्याच्या दुकानात जाऊन बसली. दोन तास. त्या बिचाऱ्यानं तिला खडू दिला. सगळी फरशी रंगवली तिनं. मला फोन आला तेव्हा माझी बस त्याच चौकात सिग्नलला उभी होती.

पट्टीवाली : रकान्यात एवढं बसत नाही. 'घरगुती' लिहू?

लेक : लिहा.

बर्फवाला : मी काही बोललो नाही त्यावर. तेव्हाही नाही, आताही नाही. तू म्हणालीस नव्वद दिवसांचा कागद आणा, मगच पोरगी हातात देईन. मी म्हटलं, आणतो.

लेक : आणि आणलात पांढरा. आबा, सासूबाई उद्या सकाळच्या गाडीनं येतायत तिला न्यायला. दुपारी सांभाळायला शेजारची ताई होती, ती परवा घर सोडून गेली. तुमचे जावई जहाजावर, आठ महिने घरी नाहीत. माझी दुपारची पाळी सुटत नाही. तुमचा कागद हिरवा असता तर मी सासूबाईंना दाराशीच दाखवला असता. आता पोरगी जाणार त्यांच्या गावी. शाळा तिकडं. वर्षभर.

बर्फवाला : वर्षभर?

लेक : मग काय दुपारपुरती?

बर्फवाला : मॅडम, तो हीटर अजून जवळ घ्या. मांडीवर ठेवा माझ्या. आणि ती खिडकी लावा.

पट्टीवाली : लावलेली आहे. माझा जीव जातोय.

लेक : एक गोष्ट मला कळत नाही. तुम्ही कारखान्याच्या दारात उन्हात उभं राहून गाड्या भरता. बर्फाच्या लाद्या आकड्यानं ओढता. शर्ट पिळून वाळत घालायचात तुम्ही. आई असताना ती ओरडायची, मिठाचे डाग पडतात म्हणून. आणि तुम्हाला शहात्तर दिवस घाम नाही?

बर्फवाला : मी आता गाड्या भरत नाही.

लेक : काढून टाकलं?

बर्फवाला : छे. मी मागून घेतलं आतलं काम. थंड खोलीत. लाद्या रचायच्या आणि दार लावायचं. आत जाड्या म्हणून एक गडी होता, त्याच्याशी अदलाबदल केली. जाड्या तर पाया पडायला आला, वीस वर्षं गारठ्यात गेली होती त्याची. आता उन्हात उभा राहून गाणी म्हणतो.

लेक : पण का?

बर्फवाला : का म्हणजे? लिहिलेलं होतं.

पट्टीवाली : कुठं लिहिलेलं होतं?

बर्फवाला : खोक्यावर, मॅडम. तुम्हीच दिलेल्या. मला वाचायला वेळ लागतो, पण मोठी अक्षरं येतात. पट्टी लावून घरी गेलो, चष्मा लावला, खोकं पालथं केलं. 'थंड व कोरड्या जागी ठेवावी.'

पट्टीवाली : अगंबाई.

लेक : आबा.

बर्फवाला : आता दंडाला लावलेली पट्टी थंड जागी ठेवायची म्हणजे मलाच थंड जागी राहायला पाहिजे. दंड काढून तर ठेवता येत नाही. म्हटलं, नशीब बघ, अख्ख्या गावात एवढी थंड जागा कुणाकडं आहे? माझ्याकडं आहे. जणू माझ्यासाठीच बनवलीय पट्टी.

पट्टीवाली : काका, ते पट्टी लावायच्या आधीचं आहे. खोकं बंद असताना. दुकानदारासाठी.

बर्फवाला : मग तसं लिहावं ना. 'दुकानदारा' म्हणून हाक मारून लिहावं. मला काय माहीत कुणाला बोलतंय खोकं?

लेक : आणि 'कोरड्या'?

बर्फवाला : त्याचं तर फार झालं. दिवसातून चार वेळा पावडर मारायचो. पट्टीच्या कडेनं, वरून, भोकांतून आत पण. गुलाबाच्या वासाची होती.

पट्टीवाली : ती पावडर होती?

बर्फवाला : का?

पट्टीवाली : काका, सकाळी तुमची पट्टी काढून लॅबनं उघडली, मग परत तुमच्या दंडाला लावली. 'अज्ञात पांढरी भुकटी' म्हणून वरच्या ऑफिसला कळवलंय. दोन माणसं हातमोजे घालून आली होती. जिन्यावर दोरी बांधली होती अर्धा तास.

बर्फवाला : वास नाही घेतला कुणी?

पट्टीवाली : घेतला. 'फुलांसारखा, संशयास्पद' असं लिहिलंय.

लेक : आणि आंघोळ? तीन महिने आंघोळ केलीत की नाही?

बर्फवाला : रोज. हा हात दाराबाहेर काढून. फट ठेवायची, हात बाहेर, बाकी मी आत. समोरची म्हातारी रोज सकाळी दारात बसलेली असते. तिला वाटायचं मी तिला हात करतोय. ती पण करायची. पहिले आठ दिवस नुसतं हात हलवणं. मग 'काय, बरं आहे ना?' विचारायला लागली. मी आतून म्हणायचो, बरं आहे, साबण लावतोय.

पट्टीवाली : मला हसायला परवानगी नाही, ताई. सॉरी.

लेक : हसा. मी रडू का हसू ते मला कळत नाहीये, तुम्ही तरी एक काहीतरी करा.

बर्फवाला : जिना पण हळू चढायचो. तिखट सोडलं. चहा गार करून प्यायचो, बशीत ओतून, फुंकून फुंकून. भांडण तर एक नाही केलं कुणाशी, अंग तापतं म्हणून. दुकानदारानं कुजका कांदा दिला, घेतला गप. तीन महिने घामाला नको नको म्हटलं, मॅडम. आता तो रुसलाय. बोलावून येत नाही.

पट्टीवाली : साडेचार वाजले. ताई, तुम्ही त्यांना पाठीवर बसवून… नाही, उलटं. त्यांना तुम्हाला पाठीवर घेऊ दे. दोन फेऱ्या टेबलाभोवती.

लेक : मला? साठीच्या माणसानं?

बर्फवाला : चल ये. सव्वाशे किलोची लादी ओढलेला माणूस आहे मी. तू तर अर्धीच लादी.

लेक : नको. मणक्याला काही झालं तर दवाखान्यातली फाइल वेगळी उघडावी लागेल. मॅडम, ते चौदा हिरवे दिवस. त्या दिवशी घाम कसा आला? थंड खोलीत, पावडर मारून?

पट्टीवाली : बघते. दिवस, वेळ, सगळं असतं यात. हा रविवार… हा पण रविवार. रविवार. रविवार. तेरा रविवार आहेत.

बर्फवाला : रविवारी कारखाना बंद असतो. म्हणून असेल. सोडा ते.

पट्टीवाली : नाही, दिवसभर नाही. चार वाजून वीस मिनिटांनी सुरू आणि साडेचारला बंद. दर वेळी. घड्याळ लावल्यासारखं. दहा मिनिटं धो धो, आणि मग एकदम शून्य.

लेक : साडेचार.

पट्टीवाली : काय असतं रविवारी साडेचारला?

लेक : मी यांना येऊ देते. पोरीला भेटायला. दारातच, साखळी लावून, फटीतून तिचा हात धरून, वीस मिनिटं. मी मध्ये स्टूल टाकून बसते. साडेचारला बेल वाजते. कधी एक मिनिट इकडं नाही, एक मिनिट तिकडं नाही. मला वाटायचं, बघ, वेळेचे किती पक्के झालेत.

बर्फवाला : लवकर पोचायचो जरा. म्हटलं दम खावा आणि मग बेल दाबावी.

लेक : दहा मिनिटं दाराबाहेर उभे असायचात?

बर्फवाला : तुझा जिना उंच आहे.

लेक : पहिला मजला आहे, आबा.

बर्फवाला : पायऱ्या उंच आहेत.

पट्टीवाली : तेरा रविवार झाले. चौदावा दिवस राहिला. हा… हा बुधवार आहे. त्रेचाळिसावा दिवस.

बर्फवाला : मॅडम, उठाबशा घालू का परत? आता जमेल.

पट्टीवाली : संध्याकाळी सहा दहा ते आठ पाच. जवळजवळ दोन तास. आणि काका, हा आलेख बघा, कागदाबाहेर गेलाय. एवढा घाम मी भट्टीवाल्यांचा पण बघितलेला नाही.

लेक : बुधवारी संध्याकाळी कुठं होतात?

बर्फवाला : कारखान्यात.

लेक : कारखाना साडेपाचला सुटतो.

बर्फवाला : मग मैदानात. फिरायला.

लेक : गुडघे धरून बसणारा माणूस दोन तास मैदानात फिरला? आबा, माझ्याकडं बघा. मी रोज हजार माणसांना विचारते, कुठून बसलात. कोण खरं सांगतंय ते मला आवाजावरून कळतं. कुठं होतात?

(बर्फवाल्याच्या दंडावरची पट्टी 'टिक' असा आवाज करते.)

पट्टीवाली : आला! आला! एक थेंब! ताई, थांबू नका, विचारत राहा!

लेक : काय?

पट्टीवाली : उठाबशा राहू द्या. तुम्ही विचारलंत आणि आला. विचारा, विचारा, वीस मिनिटं आहेत.

लेक : कुठं होतात, आबा?

बर्फवाला : हे बरोबर नाही. दोघी मिळून एका म्हाताऱ्याला…

पट्टीवाली : दुसरा! दुसरा पडतोय!

लेक : बारमध्ये होतात ना?

बर्फवाला : …हो.

पट्टीवाली : दोन झाले. काका, शाबास. म्हणजे, तसं नव्हे. पण दोन झाले.

लेक : मला वाटलंच. मी एवढी मूर्ख. दारात स्टूल टाकून बसते आणि मनात म्हणते, बघ सुधारले. उठा, चला. राहू दे तो कागद.

बर्फवाला : बस खाली. बस म्हणतो ना. बाप आहे मी तुझा, फर्निचर नाही. आता विचारलंस तर पुरतं ऐकून जा.

लेक : सांगा.

बर्फवाला : आमच्या मुकादमांचा शेवटचा दिवस होता. तेहेतीस वर्षं ते आणि मी. सगळे निघाले त्यांना घेऊन. मी नाही म्हटलं, तर ते म्हणाले, तू नाहीस तर मी पण नाही. मग गेलो. आपल्याकडून निरोपाची भेट म्हणून मी काय नेणार? बर्फ नेला. चांगला, निवडून. लादीच्या मधला पांढरा असतो, भुसभुशीत, तो पटकन विरतो. कडेचा काचेसारखा, त्यातून पेपर वाचता येतो. तो तोडून नेला, फडक्यात बांधून, दोन मुठींएवढा.

लेक : पुढं.

बर्फवाला : टेबलावर सगळ्यांचे भरले, माझा पण भरला. मी हातात घेतला. खोटं कशाला बोलू, हातात घेतला. तोंडाला पाणी सुटलं. आता नाही म्हणायची मला सवय नाही, पोरी. नाही म्हटलं की पाच मिनिटांत मी हो म्हणतो, आयुष्यभर तसंच झालं. पण थांब म्हटलं तर थांबता येतं जरा. म्हणून मी मोठा मगा मागवला, त्यात दारू ओतली, आणि तो बर्फ टाकला. स्वतःला म्हटलं, हा पूर्ण विरघळला की प्यायचं. त्याच्या आधी नाही.

पट्टीवाली : तिसरा.

बर्फवाला : माझाच बर्फ. मीच गोठवलेला. चांगला केलेला, त्याला मी काय करू, विरघळेचना. सगळे गाणी म्हणतायत, मुकादम रडतायत, आणि मी मग्यात बघत बसलोय. तासाभरानं लिंबाएवढा राहिला. घाम तर असा, शर्ट अंगाला चिकटला. पोरं म्हणतायत, आजारी आहे का हा? मग सुपारीएवढा राहिला. मग नुसती चकती. मग ती पण गेली.

लेक : मग?

बर्फवाला : मग काय. बोली ती बोली. उचलला मगा.

लेक : आबा.

बर्फवाला : ओठापर्यंत आणला. वास आला. आणि इथून, काखेतून, एक धार निघाली आणि दंडावरून सरळ पट्टीवर. थंडगार लागली. मला एकदम आठवलं.

लेक : काय आठवलं?

बर्फवाला : 'कोरड्या जागी ठेवावी.' म्हटलं, अरे मेलो! ही तर भिजली! त्रेचाळीस दिवस जपली आणि आज भिजली! लेक आता कागद घेणार नाही! मगा तसाच ठेवला आणि पळत सुटलो घरी.

लेक : कशाला?

बर्फवाला : पावडर मारायला.

पट्टीवाली : चौथा. अहो… मला दिसेना झालंय नीट. घाम गेला डोळ्यात. माझाच.

लेक : तुम्ही बारमधून… भरलेला मगा ठेवून… पावडर मारायला…

बर्फवाला : हस. हस की. मुकादमांचा निरोप पण घेतला नाही मी. त्यांना वाटलं, मला रडू आवरलं नाही म्हणून गेलो. अजून सगळ्यांना सांगतात, असा जीव लावणारा माणूस नाही म्हणून.

लेक : मग हे मला तेव्हाच का नाही सांगितलंत? रविवारी?

बर्फवाला : काय सांगू? साखळीच्या फटीतून? 'मी बारमध्ये गेलो होतो पण प्यायलो नाही'? तू विश्वास ठेवला असतास?

लेक : नसता ठेवला.

बर्फवाला : मी पण नसता ठेवला.

पट्टीवाली : पाच! पाच झाले! काका, हलू नका, मशीनला लावते. चार चोपन्न. लागलं. वाचतंय… वाचतंय… 'व्यक्ती आढळली.'

बर्फवाला : आढळलो!

पट्टीवाली : 'नमुना हिरवा.' ताई, आजचा दिवस हिरवा झाला.

लेक : आणि ते पांढरे?

पट्टीवाली : आता 'निर्जीव' निघून जाईल. 'व्यक्ती उपस्थित, घाम अपुरा' असं होईल. आणि निष्कर्ष… थांबा, छापतंय.

लेक : काय आलं?

पट्टीवाली : 'सांगता येत नाही.'

बर्फवाला : काय सांगता येत नाही?

पट्टीवाली : तेच. तुम्ही पीत होता की नाही. मशीनला सांगता येत नाही.

बर्फवाला : एवढं करून?

पट्टीवाली : खाली शेरा लिहायला जागा असते. तो मी हातानं लिहू शकते. पण बोटभरच जागा आहे, फार बसत नाही. काय लिहू, ताई?

लेक : तुम्हाला काय दिसलं ते लिहा.

पट्टीवाली : 'माणूस आहे. घाम येतो.' चालेल?

बर्फवाला : 'पावडर गुलाबाची' ते पण घाला. त्या हातमोजेवाल्यांना घोर नको.

पट्टीवाली : घातलं. शिक्का मारते. हे घ्या. पाचला एक मिनिट कमी. मिटली फाइल. आता कृपा करून कुणीतरी हीटर बंद करा.

बर्फवाला : दे तो कागद माझ्याकडं. असा कागद दाखवून तुझी सासू दारातून हलायची नाही. 'सांगता येत नाही' वाचलं की तिथंच बॅग भरायला घेईल. मी काय म्हणतो, तिला नेऊ दे. वर्ष काय, जाईल. मी परत अर्ज करतो. या वेळी उन्हात बसतो.

लेक : कोट काढा आधी. भिजवलात माझा.

बर्फवाला : धुऊन देतो.

लेक : वाळेल तसाच. सासूबाईंना काय सांगायचं ते माझं मी बघते. कागद नाही दाखवायची मी त्यांना. तो बर्फ कसा विरघळला ते सांगते.

बर्फवाला : त्यांना पटायचं नाही.

लेक : नाही पटलं तर जेवून जातील. आबा, उद्या साडेबाराला तिची शाळा सुटते. मागच्या फाटकातून बाहेर येते, पुढच्या नाही. पळत येते, हाताला सगळा घाम असतो तिच्या, निसटतो हात. घट्ट धरायचा. रस्ता ओलांडेपर्यंत सोडायचा नाही.

बर्फवाला : पण माझा हात गार असतो, पोरी. आता तर जास्तच. बर्फात राहून राहून. दचकेल ती.

लेक : नाही दचकणार. रविवारी तुम्ही गेलात की पुढं आठवडाभर रोज विचारते, गार हाताचे आजोबा परत कधी येणार.